जिंजीच्या वाटेवर गर्प्स : सोर्सबुक विकत घ्यावं की स्वतः लिहावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गर्प्स या रोल-प्लेइंग खेळाच्या चौथ्या आवृत्तीचा बेसिक सेट, म्हणजे मूळ नियमपुस्तकं, हातात आहे, चार खेळाडू तयार आहेत आणि राजाराम महाराज जिंजीला होते त्या धामधुमीत कॅम्पेन, म्हणजे सत्रामागून सत्र पुढे जाणारी गोष्ट, चालवायचं आहे. जपान, चीन, रोम, व्हायकिंग यांच्यावर गर्प्सची सोर्सबुकं, म्हणजे एकेका जगाची माहिती आणि त्याचे नियम देणारी पुस्तकं, आहेत, मराठ्यांवरचं काही सापडलं नाही. मग जपानचं घेऊन त्यात फेरफार करावेत, ‘लो-टेक’ हे जुन्या काळच्या सामानसुमानाचं पुस्तक घ्यावं, की सगळं स्वतः लिहून काढावं? शिवाय पात्रं किती गुणांची ठेवावीत, हेही विचारलंय. (गर्प्समध्ये पात्र ठराविक गुण खर्चून बनवतात, आणि दोष घेतला की गुण परत मिळतात.)

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. जपानचं घेऊ नका. तुमच्या खेळाडूंना हत्यारं आणि सामानसुमानाची आवड असेल तर ‘लो-टेक’ची पीडीएफ जरूर घ्या, नसेल तर तिच्यावाचून अडत नाही. सेटिंग स्वतः लिहा, पण दीडशे पानांचा ग्रंथ लिहायला बसू नका. आठ-दहा पानं पुरतात. त्या आठ-दहा पानांत काय असावं यावरच मी सविस्तर लिहिणार आहे, कारण बहुतेक जण अडतात ते तिथेच.

तुमच्या प्रश्नात असं गृहीत आहे की आपल्याकडे माहिती कमी आहे आणि सोर्सबुक ती देईल. पण या काळाबद्दल मराठी वाचणाऱ्या माणसाला जेवढं सहज मिळतं, तेवढं गर्प्सच्या प्रकाशकांच्या गावी, अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये बसून लिहिणाऱ्या लेखकाला कधीच मिळालं नसतं. थोड्या आधीच्या शिवकाळाची सभासदाची बखर आहे, रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आहे, रियासत आहे, गॅझेटियर आहेत. माहिती भरपूर आहे. नाहीत ते निर्णय. या माहितीतलं काय फाशांवर येणार, काय गुणांत मोजायचं, काय नुसतं वर्णनात राहू द्यायचं आणि काय टेबलावर आणायचंच नाही, हे कोणीतरी ठरवावं लागतं. चांगल्या सोर्सबुकची किंमत आपण मोजतो ती या ठरवण्याची.

हे गर्प्समध्येच इतकं का जाणवतं? १९८६ साली स्टीव्ह जॅक्सन गेम्सने हा खेळ काढला तो एकाच नियमांवर कुठलंही जग खेळता यावं म्हणून. तीन फासे टाकायचे, बेरीज पात्राच्या कौशल्याच्या आकड्याच्या आत आली की जमलं. ताकद, चपळाई, बुद्धी, प्रकृती या चार मूळ क्षमता. लढाईतली एक फेरी म्हणजे एक सेकंद. हे सगळं गुहेतल्या माणसालाही लागू आणि अवकाशयानाच्या कप्तानालाही. एकाच जगासाठी लिहिलेल्या खेळात त्या जगाचा स्वभाव नियमांतच मुरलेला असतो. पानं उलटता उलटता तिथे काय चालतं ते कळतं. गर्प्सच्या बेसिक सेटला मात्र तुमच्या जगाबद्दल काहीच ठाऊक नसतं. त्यात मन वाचण्याची शक्तीही आहे आणि लेझरची बंदूकही. आज यातलं काय उघडं आणि काय बंद, हे सेटिंगचं पुस्तक सांगतं.

म्हणून अशी पुस्तकं वाचायची एक पद्धत सांगते. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात, म्हणजे १९८८ ते २००४, देश आणि काळ यांवरची पुष्कळ पुस्तकं निघाली, बरीचशी १२८ पानांची. लोक त्यातला इतिहास वाचतात आणि खूश होतात. इतिहास चांगलाच असतो, पण तो दुसरीकडेही मिळतो. तुम्ही पात्रं बनवण्याचं प्रकरण आणि व्यवसायांचा तक्ता वाचा. कोणत्या धंद्याला महिन्याला किती मिळतं, त्यासाठी कोणती कौशल्यं लागतात, समाजातली पायरी कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत जाते, बेसिक सेटमधली कोणती वैशिष्ट्यं मना केली आहेत आणि कोणत्यांचा अर्थ बदलला आहे, हे पाहा. लेखकाने डोकं चालवलेलं असतं ते तिथे.

चौथ्या आवृत्तीत ‘हॉट स्पॉट्स’ नावाची छोट्या पीडीएफची मालिका आहे. त्यातल्या एका पुस्तिकेच्या नावातच कॉन्स्टॅन्टिनोपल हे शहर आणि ५२७ ते १२०४ ही वर्षं आहेत. तुम्हाला नमुना म्हणून एकच काही घ्यायचं असेल तर या मालिकेतलं कुठलंही घ्या. एक जागा आणि एक कालखंड धरून, बाकीचं सोडून कसं लिहावं, याचा तो उत्तम धडा आहे.

आवृत्तीबद्दल एक सूचना. तिसऱ्या आवृत्तीचं पुस्तक घेतलंत तर त्यातले तयार पात्रांचे आकडे तसेच वापरू नका. मूळ क्षमतांच्या किमती बदलल्या आहेत, ढाल-चिलखताचा ‘पॅसिव्ह डिफेन्स’ हा आकडा चौथीत काढूनच टाकला आहे, आणि जखमा सोसण्याची ताकद पूर्वी प्रकृतीवरून निघायची ती आता ताकदीवरून निघते. रूपांतरासाठी ‘गर्प्स अपडेट’ नावाची फुकट पुस्तिका आहे. मी स्वतः रूपांतर करत बसत नाही. मजकूर वाचते आणि पात्रं नव्याने बनवते. तेच लवकर होतं.

आता जपानला नाही का म्हणाले ते. घोडदळ, तलवारी, किल्ले, सरदार हे सगळं वरवर जुळतं, म्हणूनच मोह होतो. पण त्या सेटिंगचा कणा धन्यापायी मरण्याच्या कल्पनेवर उभा आहे, आणि पात्रांचे दोष-गुण त्याभोवती किमतीला लावलेले आहेत. १६९० च्या दख्खनमध्ये माणसाचा जीव अडकलाय वतनात. शिवाजी महाराजांनी नवी वतनं देण्याबाबत हात आखडता ठेवला होता. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, १६८९ पासून, परिस्थितीच अशी आली की वतन आणि इनाम यांची आश्वासनं दिल्याशिवाय माणसं धरून ठेवणं अशक्य झालं. तिकडून बादशहाही मनसबी आणि वतनाच्या सनदा वाटत होता. एकाच घरातला एक भाऊ इकडे आणि एक तिकडे, आज मुघलांकडे गेलेला उद्या परत, असं सर्रास चालायचं. सामुराईची आचारसंहिता उचलून यांच्यावर घातलीत तर तुमच्या कॅम्पेनमधला अर्धा मुलूख ‘गद्दार’ ठरेल आणि खेळायला काही उरणार नाही. ही माणसं काय वाचवायला धडपडत होती ते आधी समजून घेतलं, तर प्रत्येक भेटीत सौदा आपोआप उभा राहतो.

तेव्हा तुमच्या आठ-दहा पानांतला पहिला निर्णय, आणि तो एका वाक्यात लिहा: माझ्या खेळातल्या माणसांना सर्वांत जास्त काय हवं आहे? मी ‘वतन’ लिहीन. मग गर्प्समध्ये ते कसं येईल? खेळाडूला सुरुवातीला वतनाचा हक्क मिळू द्या, पण कागद वादात असू द्या. हक्क सिद्ध झाला तर सामाजिक पायरी एकाने वाढेल. वादातला दुसरा दावेदार हा ‘शत्रू’ म्हणून पात्राच्या कागदावर उतरेल आणि त्याचे गुण परत मिळतील. चार पात्रांत दोघांचे असे दावे असले की पुढची बरीच सत्रं जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, कथानक शोधावं लागत नाही.

दुसरा निर्णय जागा आणि काळाचा. १६८९ ते १७०७ असं सगळं घेऊ नका. रायगड पडणं, जिंजीचा वेढा, संताजी-धनाजीची दौड, ताराबाईंचा लढा, औरंगजेबाचा मृत्यू, हे सगळं एका कॅम्पेनमध्ये कोंबलं की पात्रं मोठ्या माणसांच्या मागे उभी राहून इतिहास बघत बसतात. मला विचाराल तर १६९० ते १६९२ ही दोन-तीन वर्षं घ्या आणि जागा म्हणून एक वाट घ्या. महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांकडे, राजा जिंजीला, आणि मधे सगळा कर्नाटक. पैसा, पत्रं, माणसं, बातम्या या वाटेने ये-जा करणार. तुमची चार पात्रं ही त्या वाटेवरची तुकडी. एक कारकून, एक जासूद, दोन घोडेस्वार. प्रत्येक मुक्कामाला नवा मुलूख, नवी भाषा, नवा ठाणेदार. संताजी घोरपड्यांची फौज एखाद्या सत्रात धुळीचा लोट म्हणून दिसली तरी पुरे.

आता घोड्यावर येते, कारण माझ्या मते या सेटिंगचा सगळ्यात मजेशीर भाग इथे आहे. बारगीर आणि शिलेदार हा फरक आपण शाळेत शिकलो. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. गर्प्समध्ये हाच फरक आकड्यांत किती छान उतरतो बघा. हा काळ ‘टेक लेव्हल ४’ या तंत्रज्ञानाच्या पातळीत येतो. त्या पातळीला सरासरी माणसाची सुरुवातीची पुंजी २,००० डॉलर. (हे डॉलर म्हणजे खेळाचं हिशेबाचं एकक. टेबलावर होन, रुपये काय हवं ते म्हणा, फक्त प्रमाण एकदा ठरवून घ्या.) बेसिक सेटमध्ये लढाऊ घोडा ४,००० ला आहे आणि साधा स्वारीचा घोडा १,२०० ला. आता ठरवा, तुमच्या मावळी स्वाराच्या मांडीखाली यातला कोणता?

लढाऊ घोडा म्हणालात तर सरासरी माणूस शिलेदार होऊच शकत नाही. दुप्पट पुंजीची ‘कम्फर्टेबल’ पातळी दहा गुण देऊन घेतली तरी सगळे पैसे घोड्यात जातात, तलवारीला दमडी उरत नाही. शिलेदार म्हणजे श्रीमंतच, असं तुमचं जग होतं. पण दख्खनच्या स्वाराची ओळख होती ती भीमथडीच्या तट्टांशी. लहान चणीची, काटक, घाटवाटेला सरावलेली, मिळेल त्या चाऱ्यावर दिवस काढणारी. मी त्यांना स्वारीच्या घोड्याचे आकडे देईन आणि दमसास थोडा वाढवीन. मग हिशेब बघा: घोडा १,२००, तलवार ५००, भाला ४०, खोगीर आणि साज १५०, लहान ढाल ४०. झाले १,९३०. सत्तर डॉलर खिशात ठेवून एक साधा शेतकऱ्याचा मुलगा शिलेदार म्हणून बाहेर पडतो. मराठी फौज इतक्या झपाट्याने कशी उभी राहायची, याचं एक कारण पात्राच्या कागदावरच दिसायला लागतं.

अजून एक पदर आहे. घरदार असलेल्या माणसाने पुंजीचा ऐंशी टक्के भाग घर, कपडालत्ता, संसारात धरावा आणि वीस टक्केच मोहिमेच्या सामानावर खर्चावा, असा बेसिक सेटचा नियम आहे. भटक्याला सगळे वापरता येतात. म्हणजे गावी वाडा आणि जमीन राखून असलेल्या शिलेदाराला तेच सामान घ्यायला पाचपट पुंजी लागते, वीस गुणांची ‘वेल्दी’ पातळी. १०,००० चे वीस टक्के बरोबर २,००० होतात. आणि ज्याने सगळं मागे टाकलं, किंवा ज्याचं गाव मुघलांच्या तळाखाली गेलं, त्याला तेच सामान एकही जादा गुण न देता मिळतं. दोघांच्या हातात तेच घोडं आणि तीच तलवार, पण एकाला परत जायला घर आहे, दुसऱ्याचं सगळं घोड्यावर आहे. घोडा मेला तर दुसऱ्याचं काय होईल याची चर्चा माझ्या टेबलावर खेळाडू आपणहून करतात. बारगिराचं उलट. त्याला ‘ड्यूटी’ हा दोष द्या, साधारण दहा गुणांचा, हुकूम फार जोखमीचे असतील तर पंधरा. घोडा मेला तर तो गरीब होत नाही, फक्त जाब द्यावा लागतो.

असे निर्णय तुम्ही घ्यावेत अशी माझी इच्छा आहे. घोड्याच्या किमतीचा एक आकडा निवडला आणि शिलेदारीचा दरवाजा कोणाला उघडा आहे ते ठरून गेलं.

बंदुकीचंही तसंच. तोडेदार बंदूक पुन्हा भरायला बेसिक सेटच्या तक्त्यात साठ सेकंद लागतात, आणि एक फेरी एक सेकंदाची. म्हणजे साठ फेऱ्या. गर्प्समधली चकमक बहुधा दहा-पंधरा फेऱ्यांतच संपते. तेव्हा प्रत्येक बंदुकीचा बार एका प्रसंगात एकदाच. हा नियम शिथिल करू नका, खेळाडूंनी कितीही गळ घातली तरी. एकदा बार काढायचा आणि मग तलवारीला हात घालायचा, यातच त्या काळच्या छाप्याची लय आहे. पावसात तोडा पेटत नाही, रात्री त्याचा निखारा आणि वास लांबून कळतो, हे दोन्ही लिहून ठेवा. दबा धरून बसलेल्या तुकडीत बंदूकवाला असेल तर शत्रूच्या पहाऱ्याला ओळखण्याच्या फाशावर थोडी सवलत. पट्ट्यासाठी वेगळं हत्यार शोधू नका. लांब पात्याच्या तलवारीचेच आकडे घ्या. मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी आवरणात असल्यामुळे हातातून उडवणं फार कठीण ठेवा, आणि त्या हाताने लगाम धरणं, दोरीला लटकणं, थैली सोडणं बंद करा. एवढ्याने पट्टा पट्ट्यासारखा वागतो.

भाषेवर मी सगळ्यात जास्त भर देते, कारण तुमची वाट मराठी, कानडी, तेलुगू आणि तमिळ मुलखांतून जाते आणि शत्रूचं दफ्तर फारसीत आहे. गर्प्समध्ये प्रत्येक भाषेचं बोलणं आणि लिहिणं वेगळं मोजतात, तुटक, बरं आणि मातृभाषेसारखं अशा तीन पायऱ्यांत, प्रत्येक पायरीला प्रत्येकी एक गुण. मातृभाषा फुकट, पण लिहिता-वाचता येत नसेल तर तीन गुण परत मिळतात. तुमचे दोन्ही स्वार ते तीन गुण घेतील. मोडी वाचणारा कारकून मग तुकडीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस ठरतो, तलवारीला हात न लावता.

उदाहरण देते. मुघलांचा हरकारा पकडला, त्याच्या पगडीत फारसी पत्र सापडलं. कारकुनाला फारसी तुटक वाचता येते. नियमाप्रमाणे पूर्ण अर्थ लागायला त्याने बुद्धीवर फासे टाकायचे. फासे फसले तर मी ‘काही कळलं नाही’ असं म्हणत नाही. दोन नावं आणि एक रक्कम कळली, पण ती रक्कम द्यायची आहे की मिळाली आहे ते कळलं नाही, असं सांगते. त्यातलं एक नाव पुढच्या मुक्कामाच्या ठाणेदाराचं असतं. मग पुढचा तासभर मला बोलावं लागत नाही.

संस्कृतीच्या ओळखीचा नियमही आहे. परक्या संस्कृतीत वावरताना काही कौशल्यांवर उणे तीन. इथे माझा ठाम आग्रह आहे की ही विभागणी धर्मावर करू नका. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारात मराठे सरदार पिढ्यानपिढ्या नोकरीला होते. दख्खनी मुसलमान सरदार आणि मराठे सरदार एकमेकांचे रीतिरिवाज पुरेपूर ओळखून होते. तेव्हा दख्खन ही एक संस्कृती, उत्तरेकडून आलेली बादशाही छावणी ही दुसरी, आणि गोव्याचे पोर्तुगीज, मद्रासचे इंग्रज हे टोपीकर तिसरी. सुदूर दक्षिणेला वेगळं काढावं का, हे तुमच्यावर. मी वाटेच्या शेवटच्या टप्प्यात काढते, कारण जिंजीला पोचलेला मावळी स्वार तिथे परका वाटला पाहिजे.

छावणीचं चित्र उभं करायला मराठी साधनांच्या बरोबरीने भीमसेन सक्सेना वाचा, ‘तारीख-ए-दिलकुशा’. हा दलपतराव बुंदेल्याच्या नोकरीतला माणूस, आणि दलपतराव जिंजीच्या वेढ्यात होता. म्हणजे तुमचा शत्रू कसा दमला होता, हे त्याच्याच बाजूच्या माणसाकडून मिळतं. इंग्रजी भाषांतर आहे.

किल्ल्यांच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की धरा. किल्ल्यावर अधिकार एका हातात नसे. हवालदार, सबनीस, कारखानीस, सरनोबत अशी कामं वाटलेली होती, दरवाजा आणि किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. फितुरी अवघड व्हावी हाच हेतू. औरंगजेबाने पुढे शेवटच्या वर्षांत जे किल्ले घेतले त्यातले बरेच वाटाघाटी करून, पैसा ओतूनच हाती आले. त्यामुळे तटावर चढाईचा एखादा प्रसंग जरूर ठेवा, पण किल्ल्याचं खरं सत्र म्हणजे तीन माणसांशी तीन वेगळ्या रात्री केलेलं बोलणं. प्रत्येकासाठी एका ओळीत लिहा, याला काय हवंय आणि याला कशाची भीती आहे. समोरच्याचं मन कुठे झुकतं ते ठरवणारे प्रतिक्रियेचे फासे तिथे टाका.

आता नाजूक भाग, आणि तो टाळून चालणार नाही. जात. गर्प्समध्ये ‘स्टेटस’ नावाची सामाजिक पायरी आहे आणि नवीन जीएम जात तिच्यावर चढवून मोकळे होतात. ते दोन कारणांनी चुकीचं. एक, हिशेब जुळत नाही. स्टेटसला महिन्याचा राहणीखर्च जोडलेला आहे, शून्य पायरीला ६००, एकला १,२००. उच्चवर्णीय पण कंगाल माणूस आणि बलुतेदार घरातला पण पराक्रमाने वर आलेला नाईक, या दोघांनाही ती मोजपट्टी लागू पडत नाही. पुंजी, पायरी, फौजेतला हुद्दा आणि समाजाने लादलेला कलंक हे चार वेगळे रकाने गर्प्सने दिलेत ते वेगळेच ठेवा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुमच्या टेबलावर बसलेली चार माणसंही कुठल्या ना कुठल्या घरातून आलेली आहेत. कोणाच्या पात्राला पाणवठ्यावर अडवलं जाणं हा एखाद्यासाठी खेळातला प्रसंग असेल, एखाद्यासाठी आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट. कॅम्पेन सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत सरळ विचारा: हे आपल्याला खेळात दिसायला हवंय का, आणि हवं असेल तर कोणाच्या अंगावर? एकाने जरी नको म्हटलं तर ते पडद्यामागे ठेवा. इतिहास खोटा होतो म्हणून कोणी वाद घातला तरी माझं मत बदलत नाही. समोर बसलेला माणूस आधी.

अद्भुताचं पटकन सांगते. जादूचे नियम बंद ठेवा. देवीचा कौल, शकुन, भुताखेताची भीती या गोष्टी माणसं मानतात म्हणून प्रतिक्रियेच्या आणि धैर्याच्या फाशांवर परिणाम करू द्या. कौल खरा निघाला की योगायोग होता, याचं उत्तर जीएमनेही स्वतःला देऊ नये. तुमच्या गटाला वेताळ प्रत्यक्ष हवा असेल तर तो वेगळा खेळ आहे, आणि त्यातही मजा आहे, पण मग पहिल्याच पानावर तसं लिहा.

‘लो-टेक’बद्दल परत. २०१० चं चौथ्या आवृत्तीचं पुस्तक, टेक लेव्हल शून्यापासून चारपर्यंत. हत्यारं, चिलखतं, औषधपाणी, प्रवास, घरबांधणी, लेखनसाहित्य, सगळ्याची वजनं आणि किमती. तुमचा एखादा खेळाडू ‘बख्तर किती किलोचं?’ असं विचारणारा असेल तर पैसे वसूल. छापील प्रत मागवलीत तर टपालखर्च आणि जकात धरून भलतंच महाग पडतं, म्हणून प्रकाशकांच्या वेअरहाऊस २३ या दुकानातून पीडीएफ घ्या. खेळाडूंना बेसिक सेटची दोन जाड पुस्तकं वाचायला लावू नका. ‘गर्प्स लाइट’ ही बत्तीस पानांची पुस्तिका फुकट आहे, ती आणि तुमची आठ-दहा पानं एवढंच त्यांच्या हातात द्या.

राहिला गुणांचा प्रश्न. १५० गुणांना वीर पात्रं होतात. तशी या काळाला शोभतात, पण पहिल्याच सत्रात त्यांना मदतीची गरज उरत नाही. मी या वाटेसाठी १०० देईन, दोषांची मर्यादा ५० ठेवीन आणि एक अट घालीन: चौघांपैकी प्रत्येकाला असं एक काम यावं जे बाकी तिघांना अजिबात येत नाही. एकाला वाचता येतं, एकाला कानडी येते, एकाला घोड्यांचं दुखणंखुपणं कळतं, एकाची घाटातल्या ठाण्यांवर ओळख आहे. पात्रं बनवताना घोड्याचा आणि घरादाराचा हिशेब चौघांनी एकत्र बसून करा, वेगवेगळा घरून करून आणू नका. त्या तासाभरातच कोण कोणाचा देणेकरी आहे, कोणाचं गाव कोणाच्या गावाशेजारी आहे, हे ठरत जातं. पहिल्या सत्राला विशाळगडाखाली रात्री खजिन्याच्या गोण्या तट्टांवर चढत असताना सुरुवात करा, आणि सबनिसाच्या यादीत एक गोणी कमी भरू द्या.